‘हिसडा मारला आणि शोध लागला’: गोअरचं पेटंट, त्याची दंतकथा आणि एक कापडी डक्ट

टेफ्लॉनची एक गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. १९६९ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेत रॉबर्ट गोअर नावाचा तरुण संशोधक टेफ्लॉनच्या गरम कांड्या हळूहळू, जपून ओढून बघतोय आणि प्रत्येक कांडी थोडी ताणली की तुटतेय. शेवटी वैतागून तो एका कांडीला हिसडा मारतो आणि ती न तुटता हातभर लांब होते. झालं, गोअर-टेक्स जन्माला आलं. आमच्या कोर्सवर्कमध्ये बौद्धिक संपदेचं जे युनिट असतं, त्यात ही गोष्ट हमखास येते. तास संपतो आणि मूळ पेटंट कोणीच उघडत नाही.

माझं काम सच्छिद्र पॉलिमर पडद्यांवर आहे, त्यामुळे हे पेटंट मला अनेकदा वाचावं लागलं. अमेरिकी पेटंट क्रमांक ३९५३५६६, मंजुरी एप्रिल १९७६. माझं मत आधीच सांगते. ही गोष्ट जितकी चमकदार आहे, तितकीच ती संशोधन शिकणाऱ्यांसाठी निकामी आहे. पेटंट रुक्ष आहे, पण त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. त्यात दोषही आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

आधी कांडीत काय चाललं होतं ते बघू. टेफ्लॉन म्हणजे पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, पीटीएफई. हे नेहमीच्या प्लास्टिकसारखं वितळवून साच्यात ओतता येत नाही. ३२७ अंश सेल्सिअसच्या वर ते स्फटिकरूप सोडतं, पण वाहत नाही, कारण साखळ्या फार लांब आणि वितळ फार घट्ट. म्हणून बारीक पावडरीत नाफ्त्यासारखं वंगण कालवून कणकेसारखा गोळा करतात, तो दाबाखाली तोटीतून काढतात आणि मग वंगण उडवून टाकतात. शेवयांचा साचा डोळ्यांसमोर आणा. अशी निघालेली, अजून न भाजलेली कांडी खूप स्फटिकी असते आणि सहज तुटते. तेव्हाची रूढ समजूत अशी, की तुटू द्यायची नसेल तर ओढण्याचा वेग कमी करा, नाहीतर स्फटिकता कमी करा.

गोअरने केलं याच्या बरोबर उलट. स्फटिकता जास्तच ठेवली आणि वेग वाढवला. कांडी दहापटीहून जास्त लांब झाली आणि तिचा व्यास जवळजवळ तसाच राहिला! या वाक्यावर थांबा, कारण खरा शोध इथे आहे. लांबी दहापट आणि जाडी तीच, म्हणजे आकारमान दहापट. वस्तुमान तर वाढलेलं नाही. मग उरलेली जागा कशाची? हवेची. कडक चकचकीत कांडीची मऊ, पांढरी, सच्छिद्र दोरी झाली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात गाठी दिसतात आणि गाठींना जोडणारे अतिशय बारीक तंतू.

दंतकथेत हा भाग येतच नाही. ती ‘तुटलं नाही’ एवढ्यावर खूश होते. वैतागून हिसडा कोणीही मारेल. हिसडा मारल्यावर जाडी मोजायला हवी हे ज्याला सुचतं, त्याच्या हाती शोध लागतो. प्लंकेटच्या १९३८ सालच्या सिलिंडरचीही हीच गत. टेट्राफ्लुओरोइथिलीनच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन भरत होतं, म्हणून सिलिंडर कापला आणि आत पांढरी पावडर निघाली. लोकांच्या लक्षात कापलेला सिलिंडर राहतो, तराजू राहत नाही.

आता पेटंटकडे. पेटंट वाचताना बरेच जण पहिल्या पानावरून सुरुवात करतात आणि तिसऱ्या पानावर झोपतात. उलटं वाचा. शेवटी क्लेम असतात, म्हणजे नेमकं काय आपलं म्हणून मागितलंय ते. या पेटंटच्या पहिल्या क्लेममध्ये दोन आकडे आहेत. ओढण्याचा वेग सेकंदाला सुमारे १० टक्क्यांहून जास्त, आणि तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस ते स्फटिक वितळण्याच्या बिंदूपर्यंत.

सेकंदाला १० टक्के म्हणजे किती? १० सेंटिमीटरची कांडी घ्या. ती एका सेकंदात १ सेंटिमीटर लांबवायची. हाताने करून बघा, रबरबँडवर चालेल. हा हिसडा आहे का? अजिबात नाही. सावकाश ओढल्यासारखंच वाटतं. म्हणजे गोष्टीतला प्रचंड झटका आणि कागदावरची किमान मर्यादा यांत मोठं अंतर आहे. पेटंट वकिलाने कुंपण शक्य तितकं लांब घातलंय. अर्जदाराच्या बाजूने ते साहजिक आहे, पण वाचकाने त्या आकड्याला निसर्गाचा उंबरठा समजू नये. ९ टक्क्यांना कांडी तुटते आणि ११ टक्क्यांना तुटत नाही, असं काही निसर्गाने ठरवलेलं नाही. पेपरमध्ये असा आकडा दिला तर परीक्षक त्रुटीपट्टे मागेल. पेटंटमध्ये तो हद्दीचा दगड असतो. दोन्ही आकडे दिसायला सारखेच, म्हणून पेटंटमधला आकडा थीसिसमध्ये उचलताना तो कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवायला हवं.

हा आकडा पुढे कोर्टातही गाजला. गोअरच्या कंपनीने गार्लॉक या प्रतिस्पर्धी कंपनीवर दावा लावला. खालच्या कोर्टाने पेटंटविरुद्ध निकाल दिला आणि १९८३ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यातले बरेचसे निष्कर्ष फिरवले. वेगाची व्याख्या संदिग्ध आहे या आक्षेपावर न्यायालयाचं म्हणणं साधारण असं होतं की त्यात अवघड काय आहे, स्टॉपवॉच लावा आणि मोजा. मला हे फार आवडतं. आपण प्रयोगाची पद्धत लिहितो तेव्हा ‘योग्य वेगाने ढवळले’, ‘पुरेसा वेळ वाळवले’ असं सर्रास लिहून मोकळे होतो. दुसऱ्या लॅबमधल्या माणसाने घड्याळ लावून तपासावं असं त्यात काही नसतं.

याच खटल्यात जॉन क्रॉपर हे नाव येतं. गोष्टीत ते सापडणार नाही. न्यूझीलंडच्या या माणसाने १९६६ मध्येच ताणलेल्या पीटीएफईची टेप बनवणारं यंत्र तयार केलं होतं. नळाच्या आट्यांवर प्लंबर जी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो, तीच टेप. १९६७ मध्ये त्याने अमेरिकेतल्या एका कंपनीला फोटोसकट पत्र लिहून यंत्र देऊ केलं, पण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. पुढे १९६८ मध्ये बड नावाच्या कंपनीने यंत्र घेतलं, प्रक्रिया गुप्त ठेवण्याच्या अटीवर, आणि त्यावर टेप बनवून विकली. गोअरचा अर्ज मे १९७० चा. मग पहिला कोण?

कालक्रमाने विचाराल तर क्रॉपर. कायद्याने गोअर. न्यायालयाचं म्हणणं असं, की बाजारातली टेप हातात घेऊन कोणालाही प्रक्रिया उमगणार नव्हती. क्रॉपरने आणि बडने ती लपवली, गोअरने ती जगाला उघड केली, आणि पेटंट हे उघड करण्याचं बक्षीस असतं. निकाल तर्काला पटतो. तरी मला क्रॉपरबद्दल वाईट वाटतं, आणि ‘एकट्या माणसाचा एक क्षण’ ही चौकट किती कच्ची आहे हेही इथेच दिसतं. दोन गोलार्धांत, दोन वेगळ्या कारणांनी, चार-पाच वर्षांत तेच पदार्थविज्ञान दोघांना सापडलं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट लगेच टिपावी. अमेरिकेत संशोधकाने स्वतः प्रसिद्ध केल्यानंतरही अर्ज करायला वर्षभराची सवलत आहे. भारतात ती सवलत फार अरुंद आहे. पेटंट कायद्याचं कलम ३१ मान्यताप्राप्त विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आणि आणखी मोजक्या प्रसंगांना बारा महिने देतं, पण जर्नलमध्ये पेपर छापून आला की बहुतेक वेळा नावीन्य संपलं. तेव्हा गाईडशी हे बोलणं पेपर पाठवायच्या आधी करा.

आता माझी खरी तक्रार. ती पेटंटशी कमी आणि त्यातून जन्मलेल्या जाहिरातीशी जास्त आहे. गोअर-टेक्सच्या पडद्याबद्दल सगळीकडे सांगतात, की त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा २० हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा ७०० पट मोठी, म्हणून पाऊस आत येत नाही आणि घाम बाहेर जातो. आकडे एकमेकांशी जुळतात. छिद्र ०.२ मायक्रोमीटर धरलं तर थेंब ४ मिलिमीटरचा आणि रेणू साधारण ०.३ नॅनोमीटरचा येतो. कारण मात्र चूक आहे.

पाणी म्हणजे खडे नव्हेत, की चाळणीचं भोक लहान असलं की अडकतील. थेंब वाकतो, आत शिरतो, पसरतो. ‘छिद्र थेंबापेक्षा लहान’ एवढंच पुरेसं असतं तर सुती धोतरही पावसात कोरडं राहिलं असतं, कारण त्याच्या विणीतली भोकं पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान असतात. अडवतो तो स्पर्शकोन. पीटीएफईवर पाण्याचा स्पर्शकोन ९० अंशांच्या वर, सुमारे १०९ अंश. त्यामुळे बारीक छिद्रात पाणी आपण होऊन शिरत नाही, बाहेर ढकललं जातं, आणि आत घुसवायला दाब लागतो. तो दाब म्हणजे चार गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाची कोसाइन (चिन्ह सोडून), भागिले छिद्राचा व्यास. पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, कोसाइन ०.३३, व्यास ०.२ मायक्रोमीटर. उत्तर येतं साधारण पावणेपाच लाख पास्कल, म्हणजे जवळपास ४८ मीटर उंच पाण्याचा स्तंभ. पावसाची काय बिशाद!

आणि कारण बरोबर कळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो. पृष्ठताण कमी झाला तर? घाम, अंगाचं तेल, साबणाचा अंश पडद्यात मुरला की तिथलं द्रव पाण्यासारखं वागत नाही. स्पर्शकोन ९० च्या खाली गेला की छिद्र ढकलायच्या ऐवजी शोषायला लागतं. पहिल्या पिढीच्या गोअर-टेक्सला हेच झालं, वापरलेली जॅकेटं गळायला लागली. थेंब आणि रेणूच्या मापांची गोष्ट खरी मानली तर हे गळणं समजूच शकत नाही. छिद्र तर वाढलं नव्हतं.

यावरचा इलाज दुसऱ्या पेटंटमध्ये आहे. क्रमांक ४१९४०४१, मंजुरी १९८०, गोअर आणि ॲलन यांचं. माझ्या मते संशोधनाच्या विद्यार्थ्याने पहिल्यापेक्षा हे जास्त बारकाईने वाचावं. पीटीएफईच्या पडद्याला आतल्या बाजूने पाण्याशी मैत्री असलेल्या पॉलियुरेथेनचा सलग थर दिला. या थराला छिद्रंच नाहीत. वाफेचे रेणू त्यात विरघळतात, सरकत पलीकडे जातात आणि बाहेर पडतात. तेलाला मात्र पडद्यापर्यंत वाट नाही. आता बघा, नुसता पॉलियुरेथेनचा एवढा पातळ थर टिकाऊ नाही, आणि बाहेरून भिजला की अंगाला गारठा. नुसता पीटीएफई घामाने बिघडतो. दोन्ही एकत्र आल्यावर जे होतं ते एकट्याला जमत नाही. कॉम्पोझिट हा शब्द इथे शोभतो.

(सह्याद्रीत पावसाळी ट्रेकला महागडं जॅकेट घालून जाणाऱ्यांसाठी जाता जाता. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. त्वचेजवळ ३५ अंशांना संपृक्त दाब सुमारे ५.६ किलोपास्कल. बाहेर २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर ३.४. फरक जेमतेम २.२. थंड कोरड्या हवेत हाच फरक पाचच्या वर जातो. जुलैत आतून भिजलात तर बिचाऱ्या पडद्याला दोष देऊ नका.)

पहिल्या पेटंटमधला मोठा अभाव असा, की त्याची सुरुवात तयार रेझिनपासून होते. रेझिन कुठून आलं, कसं बनलं, यावर शब्द नाही. कायद्याने तो लागतही नाही. पण पीटीएफईची बारीक पावडर पाण्यात इमल्शन करून बनवताना दशकानुदशकं पीएफओए नावाचं फ्लोरिनयुक्त साबणासारखं रसायन वापरलं गेलं, जे निसर्गात विघटित होत नाही आणि माणसाच्या रक्तात साठतं. स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०१९ मध्ये आलं. हा विषय आपल्यापासून लांब नाही. इटलीतल्या त्रिस्सिनोचा मिटेनी कारखाना याच कुळातली रसायनं बनवायचा. त्याने व्हेनेतो भागातलं भूजल बिघडवलं आणि २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री पुढे विकत घेऊन आणली गेली ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. ‘रेझिन घेतले’ या दोन शब्दांमागे एवढं सगळं असू शकतं. आणि गंमत बघा, खुद्द गोअर कंपनीने २०२२ पासून काही कपड्यांसाठी पीटीएफईऐवजी ताणलेल्या पॉलिइथिलीनचा पडदा आणला. पदार्थ बदलला, थरांची कल्पना टिकली. कल्पनेचा प्राण पदार्थात होता की रचनेत, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी असं उघड झालं.

हे सगळं सांगायचं निमित्त म्हणजे सिनॉप्सिसचा एक साचा, जो मला वारंवार दिसतो: ‘अमुक कॉम्पोझिट वापरून तमुक उपकरण’. असाच एक प्रस्ताव कल्पनेने तपासून बघू. फ्लुओरोपॉलिमर कॉम्पोझिट वापरून कापडी एअर डिफ्यूझर.

कापडी डक्ट तुम्ही पाहिले असतील. एखाद्या अन्नप्रक्रिया कारखान्यात, स्विमिंग पूलवर किंवा जिममध्ये छताला लटकणारी लांब फुगलेली बाही. आतल्या हवेच्या साधारण सव्वाशे पास्कल दाबाने ती फुगते आणि सच्छिद्र कापडातून किंवा पाडलेल्या भोकांतून हवा सगळीकडे हळूहळू झिरपते. पत्र्याच्या थंड डक्टवर दमट हवेतलं पाणी जमून खाली टपकतं. इथे कोरडी थंड हवा कापडातून सतत बाहेर येत असल्याने दमट हवा पृष्ठभागाला टेकतच नाही. मळलं की चेन उघडून काढा आणि धुवायला टाका. कापड बहुतेक वेळा साधं पॉलिस्टर.

आता यावर पीटीएफईचा पडदा चिकटवला तर? धूळ चिकटणार नाही, बुरशी धरणार नाही, हवा गाळूनही येईल. ऐकायला छान. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(च) मात्र लगेच आडवं येतं, इंग्रजी प्रतीत ३(एफ): माहीत असलेली साधनं, आपापलं काम पूर्वीसारखंच स्वतंत्रपणे करणारी, नुसती शेजारी मांडली तर तो शोध नव्हे. पडदा गाळतोय, डक्ट वाहतोय, दोघं एकमेकांसाठी नवीन काही करत नाहीत.

कायदा सोडा, गणित करू. चांगल्या गाळणीच्या हेपा माध्यमातून सेकंदाला ५.३ सेंटिमीटर वेगाने हवा न्यायला साधारण ३०० पास्कल लागतात. पीटीएफईचा चांगला पडदा याहून कमी घेतो, पण अंदाजाला हा आकडा चालेल. आपल्याकडे १२० पास्कल आहेत, म्हणजे वेग सेकंदाला २.१ सेंटिमीटर. डक्ट १० मीटर लांब, अर्धा मीटर व्यासाचा, पृष्ठभाग १५.७ चौरस मीटर. बाहेर पडणारी हवा सेकंदाला ०.३३ घनमीटर. त्याच डक्टच्या तोंडाशी हवा ६ मीटर वेगाने येत असेल तर ती १.१८ घनमीटर भरते. म्हणजे पाव हिश्श्याहून थोडीच जास्त बाहेर पडेल. दाब वाढवला तर पंख्याचं बिल, पृष्ठभाग वाढवला तर चौपट कापड, भोकं पाडली तर गाळणी गेली. धूळ बसून रोध वाढणं तर यात धरलेलंच नाही.

आगीची अट असेल तर पॉलिस्टरऐवजी पीटीएफईचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड सुचवतात. जेद्दाच्या हज टर्मिनलचं आणि डेन्व्हर विमानतळाचं छत अशाच कापडाचं आहे. पण छप्पर एकदा ताणून बसवलं की जागचं हलत नाही. डक्ट मात्र दर काही महिन्यांनी काढायचा, घडी घालायचा, धुवायचा. काचतंतू घडीवर मोडतात. लेपामुळे कापडातून हवा जात नाही, म्हणून भोकं पाडायची, आणि भोकांच्या कडांना तंतू उघडे पडतात. अन्नाच्या कारखान्यात, खाली खाद्यपदार्थ, वर उघडे काचतंतू.

म्हणजे हा विषय टाकाऊ आहे का? नाही. दाब आणि गाळणी यांतली ही ओढाताण सोडवणारी रचना कोणी काढली, समजा घड्यांचा पडदा किंवा लांबीनुसार बदलणारी सच्छिद्रता, तर तिथे १९८० च्या त्या लॅमिनेटसारखं काहीतरी घडू शकतं. तेव्हा सिनॉप्सिसच्या शीर्षकात पदार्थाच्या आधी ही ओढाताण यायला हवी, आणि पहिल्या सहा महिन्यांत मोजायची पहिली गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या दाबांना एक चौरस मीटर पडद्यातून जाणारी हवा, धुण्याआधी आणि वीस धुण्यांनंतर. त्यासाठी लागतो एक पंखा, एक मॅनोमीटर आणि हॉस्टेलचं वॉशिंग मशीन.